ओमानातले बर्फाचे टायर

आमच्या दुकानामागे जुन्या टायरांचा ढीग साचतो, तो उचलायला अधूनमधून ट्रक येतो. काउंटरवर साचलेले किस्से उचलायला मात्र कोणी येत नाही! मग मी ते घरी घेऊन जाते आणि नवऱ्याला सांगते. तो हल्ली ऐकत नाही, नुसता "हं हं" करतो. म्हणून आज तुम्ही सापडलात. बसा, चहा घ्या, आणि मध्येच "मग काय झालं?" असं विचारू नका. सांगतेच आहे.

मी वैशाली. माहेर नाशिकचं, राहायला मस्कतमध्ये अल खौदला, आणि नोकरी गाला इंडस्ट्रियल एरियातल्या टायरच्या दुकानात. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कोणी शाळेत शिकवतात, कोणी बँकेत आहेत. हळदीकुंकवाला एकीने विचारलं, "तू काय करतेस गं?" म्हटलं, "टायर विकते." तर तिने माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, मग हवा पण तूच भरतेस?"

नाही हो! हवा भरायला माणसं आहेत. मी टायर वाचून दाखवते. टायरच्या अंगावर सगळं लिहिलेलं असतं. कधी जन्मला, किती वजन पेलेल, किती वेगाने पळेल, कुठल्या हवेत जगेल. लोक पत्रिका बघून मुली देतात, पण टायर घेताना "काळा आहे ना? द्या!" म्हणतात.

*

सगळेच तसे नसतात. आमच्याकडे कुलकर्णी म्हणून एक गिऱ्हाईक आहे, पाइपलाइनवाले इंजिनिअर. फार अभ्यासू माणूस. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा आणि शेवटचे दोन म्हणजे वर्ष. टायर शिळा आहे की ताजा ते त्यावरून कळतं. हे मीच त्यांना शिकवलं आणि मीच पस्तावले.

ते गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, आकडे वाचले, मग मोबाइल काढून काहीतरी मोजत बसले. उठले ते चेहरा पाडूनच.

"मॅडम, हा अडतिसाव्या आठवड्यातला आहे."

"हो, ताजा आहे की!"

"अहो ताजा काय? पितृपक्षात झालाय हा!"

तेवढ्यात आमचे फोरमन सावंत जॅक ओढत आले. सावंत कुडाळचे, मस्कतमध्ये येऊन म्हातारे व्हायला आले तरी जीभ कुडाळातच राहिलीय. म्हणाले, "सायबानू, टायर चीनचो आसा. थंयचे पितर येगळे!"

कुलकर्ण्यांनी यावर खरंच विचार केला बरं का. हनुवटी खाजवली, टायरला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ठीक आहे. हा स्टेपनीला टाका."

*

सावंतांना तुम्ही शहाणे समजू नका हं! त्यांचाही एक किस्सा आहे.

मोठ्या गाड्यांच्या टायरवर बहुतेक वेळा "एम प्लस एस" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि भुसभुशीत बर्फ यात बऱ्यापैकी चालेल असा टायर. आता ओमानात ना चिखल, ना बर्फ. सावंतांनी आपल्या मनाने त्याचा अर्थ लावला: मस्कत ते सलालाह! दक्षिणेला सलालाहला जाणारा तो वाळवंटातला लांबलचक रस्ता, त्यासाठी खास पास केलेला टायर. आणि हे ते कित्येक वर्षं, न हसता, गिऱ्हाइकांना सांगत होते. लोक आनंदाने घेऊनही जात होते. जाताना सावंतांचे आभार मानायचे!

एकदा एक नवीन लग्न झालेला मुलगा आला, साताऱ्याचा. बायकोला घेऊन खरीफ, म्हणजे तिकडचा पावसाळा, बघायला सलालाहला निघालेला. सावंतांनी त्याला अक्षरांवर बोट ठेवून सगळं समजावलं. पोरगा बिचारा भक्तिभावाने ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "काका, आणि येताना?"

सावंत म्हणाले, "येताना काय?"

"म्हणजे येताना टायर उलटे लावायचे का?"

मी काउंटरखाली वाकून पेन शोधायला लागले. पेन माझ्या हातातच होतं.

*

आता मुख्य माणसाकडे येते. आमचे पर्चेस मॅनेजर गायकवाड साहेब. औरंगाबादचे. माणूस सोन्यासारखा, कोणाचं काही अडलं की पहिला हजर. पण टायरच्या धंद्यात नवीन. त्याआधी त्यांची सगळी नोकरी एसीच्या कंपनीत गेलेली, डक्ट टाक, गॅस भर, रिमोट बदल. ती कंपनी बंद पडली आणि आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, त्यांना ठेवून घेतलं.

आल्या आल्या त्यांनी एक मोठी ऑर्डर दिली. मला, सावंतांना, कोणाला विचारलं नाही. "सरप्राइज आहे मॅडम," म्हणाले. "या उन्हाळ्यात गाला मार्केटमध्ये फक्त आपलंच नाव!"

मे महिन्यात माल आला. सावंतांनी पहिला टायर काढला आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले. टायरच्या कडेला एक खूण होती. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचं फूल. ही खूण पक्क्या हिवाळी टायरची. नुसत्या एम प्लस एसपेक्षा वरची, बर्फात परीक्षा देऊन पास झाल्याची. त्याचं रबर मऊ असतं, कडाक्याच्या थंडीतही दगड होत नाही. थंडीत तो राजा. पण आपल्याकडच्या तापलेल्या डांबरावर घातला तर खोडरबरासारखा झिजतो, आणि जोरात गाडी पळवली तर कुठे दगा देईल सांगता येत नाही.

मी म्हटलं, "गायकवाड साहेब, हे काय आणलंत?"

ते खुशीत म्हणाले, "खूण बघितलीत ना?"

"बघितली! बर्फाची आहे ती!"

"अहो मग! एसीच्या रिमोटवर हीच खूण असते. कूल मोड! बाहेर पन्नास डिग्री असू दे, हा टायर आतून गार राहणार!"

मी खुर्चीत बसले. सावंतांनी टायर हळूच खाली ठेवला, जणू त्याला लागेल. मग मी गायकवाड साहेबांना सगळं नीट समजावून सांगितलं. समजत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मला त्यांचा राग येत होता तितकीच कीवही येत होती. कस्टममधून तो माल सुटला होता तोही, त्यांनी न वाचताच सही केलेल्या, एकाच बोलीवर, इथे विकायचा नाही, बाहेरच्या थंड देशात पाठवायचा. मी तर ठणकावून सांगितलं, "माझ्या काउंटरवरून यातला एकही या देशातल्या गाडीला लागणार नाही. कोणाच्या पोराबाळांच्या जिवाशी खेळ नको."

*

अर्बाबला हे सांगायचं कोणी? आमच्याकडे एक रीत आहे, अर्बाबला "नाही" म्हणायचं नाही. माल आला का? इन्शाल्ला. गाडी दुरुस्त झाली का? इन्शाल्ला. अर्बाब म्हातारे आहेत, हिंदी झकास बोलतात, आणि त्यांनाही ही रीत चांगली ठाऊक आहे.

ते आले. काठी टेकवत टायरांभोवती फिरले. बोटाने ती खूण चाचपली.

"गायकवाड, ये क्या है?"

"बरफ का टायर, अर्बाब."

"गाला में?"

"जी, अर्बाब."

अर्बाबनी दारातून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऊन असं की समोरच्या गॅरेजचा बोर्ड हलल्यासारखा दिसत होता. "तो बरफ कब गिरेगा?"

गायकवाड साहेबांच्या तोंडातून सवयीने गेलं, "इन्शाल्ला, अर्बाब!"

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. अर्बाब हसले नाहीत. त्यांचा मोठा मुलगा खालिद शेजारीच उभा होता, धंद्याचं सगळं तोच बघतो, आणि त्याच्या कपाळावरची आठी अजून मला आठवते. अर्बाब म्हणाले, "वर्ष संपायच्या आत, स्टॉक मोजायच्या आधी, हा माल गोदामातून जायला हवा. टायर नहीं गया तो गायकवाड जाएगा. खलास."

आणि ही काही गंमत नव्हती हो. गायकवाड साहेबांची नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि त्यांचा गेला की घरच्यांचाही. त्यांची प्रज्ञा बारावीला, सायन्स. वर्ष संपताना व्हिसा गेला तर बोर्डाच्या तोंडावर पोरीची शाळा सुटणार. प्रज्ञाची आई, सुनंदावहिनी, मला फोनवर म्हणाल्या, "काहीही करा वैशाली, पण तिची परीक्षा होऊ द्या." त्या दिवसापासून तो माल माझाही झाला.

*

गायकवाड साहेबांनी मग काय काय केलं विचारू नका! मी देशात विकायचा नाही म्हटलं होतं, तरी एक दिवस माझी पाठ वळलेली बघून त्यांनी सलालाहला फोन लावला. तिथे माने म्हणून त्यांचे गाववाले गॅरेज चालवतात. जुलै महिना होता, तिकडे खरीफ सुरू. सगळं ओमान उन्हात करपतं तेव्हा सलालाह हिरवंगार आणि गारेगार असतं, हे खरं आहे.

स्पीकर चालू राहिला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"माने, तुमच्याकडे आता थंडी ना?"

"मस्त थंडी साहेब! या की!"

"मग थंडीचे टायर पाठवू का? बर्फात चालतात!"

मग माने म्हणाले, "साहेब, इथं धुकं पडतं, भुरभुर पडते, नारळ पडतात. बर्फ फक्त शहाळेवाल्याच्या खोक्यात आहे. तेवढ्यावरून गाडी न्यायला साधा टायर चालतो!"

*

एक गिऱ्हाईक मात्र आपणहून आलं. इथलाच एक तरुण ओमानी, वाळूच्या टेकड्यांवर गाडी उडवणारा. टायरचं खोल कापलेलं नक्षीकाम बघून त्याचे डोळे चमकले. "सिस्टर, हे चार दे. फार देखणे आहेत."

म्हटलं, "नाही देणार. बर्फाचे आहेत, उन्हात टिकणार नाहीत."

"चालेल. दिसायला पाहिजेत."

गायकवाड साहेब मागे उभे राहून डोळ्यांनी मला विनवत होते. मी तिकडे बघितलंच नाही. टायरवर शेवटी एक अक्षर असतं, ते वेगाचं. या टायरांवर "क्यू" होतं, म्हणजे ताशी एकशे साठच्या वर न्यायचा नाही. म्हटलं, चला, भीती घालून बघू. त्याला ते अक्षर दाखवलं आणि सांगितलं, "एकशे साठच्या वर गेलास तर माझी जबाबदारी नाही."

तो अपमान झाल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. "एकशे साठ? सिस्टर, तेवढ्यावर मी रिव्हर्स घेतो!"

गेला. सुटले मी! गायकवाड साहेब दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत, पण संध्याकाळी चहा घेऊन आले. म्हणाले, "तुमचं बरोबर होतं मॅडम. माझी पोर त्याच रस्त्यावरून स्कूल बसने जाते."

*

आणि मग डिसेंबरात चमत्कार झाला. बर्फ पडला! खोटं नाही सांगत. इथे जबल शम्स म्हणून उंच डोंगर आहे, तिथे हिवाळ्यात कधीतरी गारा पडतात, कधी पांढरा थर बसतो. सकाळी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर व्हिडिओ. गायकवाड साहेब लॉटरी लागल्यासारखे पळत आत आले. "मॅडम! पडला! ओमानात बर्फ पडला!"

अर्बाब आत काहवा, म्हणजे इथली वेलचीची कॉफी, पीत बसले होते. "अल्हम्दुलिल्ला," म्हणाले.

"मैंने बोला था अर्बाब! इन्शाल्ला बोला था!"

शुक्रवारी आम्ही सगळे निघालो. गायकवाड कुटुंब, आम्ही दोघं आणि मार्ग सांगायला सावंत. गाडीला आपले नेहमीचेच टायर, मी स्वतः तपासून घेतले. वर पोचलो तर अर्धं मराठी मंडळ तिथे हजर! माकडटोप्या, कानपट्ट्या, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारे स्वेटर, एका काकूंनी तर दोन शाली एकावर एक घेतलेल्या. सगळे एका कड्याच्या सावलीत रांग लावून उभे. काय आहे म्हणून पुढे गेलो. एका चादरीएवढा पांढरा तुकडा. बाकी सगळा वितळून गेलेला. त्या चादरीसोबत फोटो काढायला रांग होती!

आमचा नंबर आला तेव्हा चादरीचा टॉवेल झाला होता. सुनंदावहिनींनी त्यातला वरचा स्वच्छ बर्फ चमच्याने डब्यात भरला आणि सगळ्यांना कोकम सरबत दिलं. सावंत म्हणाले, "कोकम मात्र कुडाळचाच होया."

गायकवाड साहेबांनी सरबत घेतलं नाही. ते त्या टॉवेलकडे बघत उभे होते. म्हणाले, "मॅडम, एवढ्या बर्फाला किती टायर लागतील?"

मी म्हटलं, "एक. तोही सायकलचा."

सगळे हसले, मीही हसले. पण उतरताना गाडीत प्रज्ञा माझ्या शेजारी होती. तिच्या मराठीत ती हळूच म्हणाली, "काकू, पप्पांचा जॉब जाणार ना? मला ट्वेल्थमध्ये स्कूल चेंज नाही करायची. पण मी पप्पांना बोलत नाही, ते सॅड होतात." तिचा हात हातात घेऊन बसले आणि बोडक्या डोंगरांकडे बघत राहिले. फार वाईट वाटलं हो.

*

आता शेवटचा. हा किस्सा सुरू झाला जूनमध्ये आणि संपला वर्षाच्या टोकाला.

हिवाळी टायरचं रबर उन्हाळ्यात नुसतं ठेवलं तरी खराब होतं. गोदामाचा पत्रा तापला की आत भट्टी. गिऱ्हाईक मिळेपर्यंत माल टिकवायचा कसा? गायकवाड साहेबांना टायर कळत नव्हते, पण एसी कळत होता! गोदामाच्या मागे मोडक्या टेबलांची एक खोली होती. ती त्यांनी रिकामी केली, भेगा बुजवल्या, जुने एसी आणून स्वतःच्या हाताने बसवले आणि सगळे टायर आत नीट उभे करून ठेवले.

खालिद आला. वीज वाचवणं हा त्याचा जीव की प्राण. माणसांसाठी जिथे जिथे एसी होता तिथे तो बंद करत फिरायचा. "गोदामात एसी? कोणासाठी?"

"टायरांसाठी. माल खराब होगा," गायकवाड साहेब म्हणाले.

खालिद धंदेवाला माणूस. मालाचं नाव काढलं की त्याला पटतं. "माल के लिए है तो ठीक," म्हणाला आणि गेला.

मग काय! बाहेर आग ओकतेय आणि खोलीत महाबळेश्वर! उन्हाळ्यात दुपारी बाहेरची कामं बंद असतात, तेव्हा सावंतांनी आपला डबा तिकडे हलवला. मग बाकीचे फिटर. मग मी, "टायर मोजून येते" म्हणून. सावंत तर टायरांच्या मध्ये आडवे होऊन घोरायचे. मला म्हणाले, "ताई, ह्या देशात मालाक सुख आसा, माणसांक नाय. म्हणान आमी मालात बसतो."

एक दिवस दुपारी दारात काठीचा आवाज. अर्बाब! कोणाच्या तोंडात पोळी, कोणाच्या हातात लोणचं, सगळे उठून उभे.

"मेरा टायर देखने का है," अर्बाब म्हणाले. त्यांनी टायर पाहिले. हात लावला. गार. मग टायरांच्या एका रांगेला टेकून बसले. "दो मिनिट," म्हणाले. आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाची बांग होईपर्यंत झोपले!

दुसऱ्या दिवशी पुन्हा "टायर देखने का है." तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर उशी घेऊन आला. मग गालिचा आला. मग काहव्याची किटली आणि खजुराची डबी. अर्बाबच्या घरी एसीला तोटा नाही हो, पण घरात नातवंडं, पाहुणे, आणि सह्या घेऊन मागे लागलेला खालिद. आमच्या त्या खोलीत मोबाइलला रेंज नव्हती! खालिद मला काउंटरवर फोन करायचा, "व्हेअर इज माय फादर?" मी म्हणायची, "स्टॉक इन्स्पेक्शन." तो खूश व्हायचा. या वयातही वडील मालाची किती काळजी घेतात!

तुम्हाला वाटेल, मग अर्बाब विरघळले असतील. छे! झोपून ताजेतवाने होऊन बाहेर यायचे आणि रोज न चुकता विचारायचे, "गायकवाड, मेरा बरफ गया क्या?" गायकवाड साहेब म्हणायचे, "इन्शाल्ला." अर्बाब काठी आपटून निघून जायचे. शब्द तो शब्द. वर्ष संपत आलं तशी गायकवाड साहेबांची झोप उडाली. अर्बाबची चालूच होती.

जबल शम्सनंतरच्याच आठवड्यात एक गोरा, धिप्पाड माणूस दुकानात आला. गिओर्गी. जॉर्जियातून जुने सुटे भाग घ्यायला आलेला. इंग्रजी यथातथाच. चहा पिता पिता गायकवाड साहेबांनी त्याला सहज विचारलं, "तुमच्याकडे बर्फ पडतो?"

गिओर्गीने छातीपर्यंत हात नेऊन दाखवला. इतका!

गायकवाड साहेबांनी कप तसाच ठेवला आणि त्याला हाताला धरून मागे नेलं. मी आणि सावंत मागोमाग. दार उघडलं, गार वारा आला आणि गिओर्गी दारातच थबकला. मग तो आत गेला आणि एकेका टायरपुढे गुडघे टेकून वाचायला लागला. डोंगर आणि बर्फाचं फूल, बरोबर. जन्माचा आठवडा, बरोबर. फिरायची दिशा दाखवणारा बाण, बरोबर. मग त्याने रबरात नख रोवून पाहिलं. उन्हाने रबर कडक झालं असतं तर संपलंच होतं सगळं, प्रज्ञाची बारावीसुद्धा. नख आत गेलं. मऊ!

गिओर्गी उठला. टायरांकडे पाहिलं, एसीकडे पाहिलं, मग गालिचा, उशी आणि काहव्याच्या किटलीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हणाला, "माय कंट्री, नोबडी लव टायर लाइक धिस. ऑल. आय टेक ऑल."

गायकवाड साहेब मटकन गालिच्यावरच बसले. मी सुनंदावहिनींना फोन लावला, पण रेंज कुठे होती! बाहेर पळत गेले, लावला, आणि दोघी फोनवर नुसत्या रडत बसलो.

स्टॉक मोजायच्या आदल्या दिवशी सगळा माल कंटेनरमध्ये चढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्बाब आणि खालिद आले. सुनंदावहिनींनी पहाटे उठून केलेले बेसनाचे लाडू काउंटरवर होते. खालिद मागे गेला, खोलीत डोकावला आणि प्रथमच हसला. "माशाल्ला! सब गया! गुड वर्क, गायकवाड." मग छताकडे बघून म्हणाला, "अब माल नहीं, तो ये एसी निकालो. खोलीला कुलूप." आणि फोनवर बोलत बोलत गाडीकडे गेला.

अर्बाब मात्र आत गेले. आम्ही दारात उभे. रिकाम्या खोलीत मधोमध गालिचा, त्यावर उशी. अर्बाब भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. गायकवाड साहेबांचे हात आपोआप जोडले गेले होते.

"अर्बाब, टायर गया," ते म्हणाले. "अब मेरा क्या?"

अर्बाब वळले. आधी बाहेर पाहिलं, खालिद लांब आहे ना ते. मग एक लाडू तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, आणि गायकवाड साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"यल्ला गायकवाड, अगले साल का बरफ का टायर अभी मंगाओ." दारापर्यंत गेले आणि पुन्हा थांबले. "लेकिन थोडा कम. इस साल पैर लंबा करने का जगह नहीं था!"